संवर्धन-नियोजनाचा अभ्यास लिहायचा कसा: दुसऱ्याला तपासता येईल अशा अहवालाची कृती

पश्चिम घाटाचा किती भाग पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील आहे, या एका प्रश्नाची दोन सरकारी उत्तरं आपल्याकडे वर्षानुवर्षं वादात आहेत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऑगस्ट २०११मध्ये अहवाल दिला, तर के. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने एप्रिल २०१३मध्ये. गाडगीळ समितीने घाटाचं क्षेत्र १,२९,०३७ चौ. किमी धरलं, कार्यगटाने १,६४,२८० चौ. किमी. समितीने ५ मिनिटं बाय ५ मिनिटं, म्हणजे साधारण ९ बाय ९ किलोमीटरचे चौकोन पाडून त्यांना गुण दिले आणि सगळाच घाट संवेदनशीलतेच्या तीन श्रेणींत विभागला. कार्यगटाने उपग्रहचित्रं, जंगलाचा प्रकार आणि लोकसंख्येची घनता पाहून महसुली गाव हे एकक घेतलं आणि सुमारे ६०,००० चौ. किमी, म्हणजे ३७ टक्के भाग वेगळा काढला. छेदातला आकडा वेगळा, एकक वेगळं आणि ‘संवेदनशील’ची व्याख्याही वेगळी. तरीही चर्चेत ‘यांचे इतके टक्के, त्यांचे इतके टक्के’ असं शेजारी शेजारी मांडलं जातं.

या दोन्ही अहवालांत पद्धत निदान लिहिलेली आहे, म्हणून हा फरक दाखवता तरी येतो. जिल्हा पातळीवरचे आराखडे, प्रबंध आणि संस्थांचे अभ्यास पाहिले तर नकाशा रंगीत असतो, पण तो पुन्हा काढायला बसावं तर निम्मी माहिती सापडत नाही. क्लिनिकल ट्रायल कशी मांडायची, याचा ‘कॉन्सोर्ट’ नावाचा नमुना वैद्यकशास्त्रात १९९६पासून आहे. प्रजातींच्या वितरणाच्या मॉडेलसाठी २०२०मध्ये ‘ओडीमॅप’ आला. कुठली जागा आधी राखायची हे ठरवणाऱ्या अभ्यासांना तर अशा शिस्तीची गरज जास्त, कारण त्यांच्या नकाशावरून कुणाच्या तरी जमिनीचं काय होणार ते ठरतं. मार्क्सन, झोनेशन, प्रायॉरिटायझर या जागा निवडून देणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकी काहीही वापरत असाल किंवा साधी गुणांकनाची एक्सेल शीट, पुढची कृती सगळ्यांना लागू पडते.

निर्णय-वही पहिल्या दिवशी उघडा

अहवाल शेवटी लिहायला घेतला की ‘काय केलं’ ते आठवतं, ‘का केलं’ ते आठवत नाही. मग ‘तज्ज्ञांच्या सल्ल्याने योग्य मूल्य निवडलं’ अशी वाक्यं येतात आणि त्यांचा कुणालाच उपयोग नसतो. म्हणून एक साधी शीट ठेवा. तिचे रकाने सहा: तारीख, निर्णय, विचारात घेतलेले इतर पर्याय, कारण, निर्णय कुणाचा, बदललेली फाइल. ‘५ हेक्टरपेक्षा लहान तुकडे वगळले’ एवढी छोटी गोष्टसुद्धा इथे हवी. पद्धतीचं प्रकरण लिहिताना ही वही समोर ठेवली की अर्धं लिखाण झालेलंच असतं. ती जशीच्या तशी परिशिष्ट म्हणून जोडा, साफसूफ करून नको.

पहिल्या पानावर काय हवं

अभ्यास शैक्षणिक आहे, सल्ला देण्यासाठी आहे की अधिसूचनेच्या तयारीसाठी, हे पहिल्या परिच्छेदात सांगा. तो कुणी मागितला, पैसे कुणी दिले आणि निकालावर निर्णय घेण्याचा अधिकार कुणाला आहे, तेही. त्यानंतर अभ्यासक्षेत्र: नाव, चौ. किमी, सीमारेषा कुणाची आणि कुठल्या वर्षाची. ‘उत्तर पश्चिम घाट’ एवढंच लिहिलं तर वाचणारा तापीपासून गोव्यापर्यंत धरेल की कोल्हापूरपर्यंत, ते त्याच्या मनावर राहतं. सीमारेषेची फाइल जोडलेली असली की हा प्रश्नच उरत नाही.

क्षेत्रफळ कुठल्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या कुठल्या पद्धतीत, मोजलं ते याच जागी लिहा. वेब नकाशांचं मर्केटर प्रोजेक्शन पुण्याच्या अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे ११ टक्क्यांनी फुगवतं, आणि फुगलेला आकडा नकाशा पाहून ओळखू येत नाही. यूटीएम हे पट्ट्यापट्ट्यांचं प्रोजेक्शन वापरत असाल तर महाराष्ट्र दोन झोनमध्ये पडतो: ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३, पूर्वेला ४४. कोकण, देश, मराठवाड्याचा बहुतेक भाग आणि गोवा ४३मध्ये, नागपूर-चंद्रपूर-गडचिरोली ४४मध्ये, आणि यवतमाळ जिल्हा दोन्हींत. राज्यभराचा अभ्यास असेल तर क्षेत्रफळ कायम राखणारं अल्बर्ससारखं प्रोजेक्शन घ्या आणि त्याचे मानक अक्षांश नोंदवा.

जमिनीचे तुकडे कसे पाडले

प्लॅनिंग युनिट म्हणजे निवडीचा सगळ्यात लहान तुकडा. चौकोन, षटकोन, पाणलोट, गाव, वनखात्याचा कक्ष, काहीही चालेल; पण आकार, सरासरी आणि कमाल क्षेत्रफळ, एकूण संख्या आणि सीमेवर अर्धवट कापल्या गेलेल्या तुकड्यांचं काय केलं, या चार गोष्टी लिहाव्याच लागतात.

आकार महत्त्वाचा का, ते कोकणातल्या सड्यावर पाहा. ९ बाय ९ किलोमीटरचा चौकोन म्हणजे ८१ चौ. किमी. जांभ्या दगडाचा ६० हेक्टरांचा सडा त्यात पाऊण टक्का भरतो. पावसाळ्यात त्या सड्यावरच्या उथळ पाण्यात उगवणाऱ्या, बाहेर कुठेच न सापडणाऱ्या वनस्पती चौकोनाच्या सरासरीत बुडून जातात. त्यातच जमीन-वापराच्या बऱ्याच नकाशांत सडा ‘पडीक’ किंवा ‘उघडा खडक’ या वर्गात असतो. तुमच्या लेयरमध्ये, म्हणजे माहितीच्या नकाशा-थरात, तो कुठल्या वर्गात आहे हे तपासलं नाही तर गणित तुमचं सड्यांना आपोआप शून्य देतं. उलट टोकही वाईट: मूळ माहिती १ किमीची असताना तुकडे १०० मीटरचे पाडले तर नकाशा बारीक दिसतो, पण त्यातली बारकाई खोटी असते. सगळ्यात ढोबळ लेयर किती मीटरचा आहे ते सांगा आणि तुकडा त्याहून लहान घेतला असेल तर कारण द्या.

गाव हे एकक घेतलं असेल तर गावाच्या हद्दी कुठल्या जनगणनेच्या ते लिहा आणि नावाबरोबर सांकेतांक द्या. एकाच तालुक्यात ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ सोडून बाकी नाव तेच असलेली गावं असतात. नावावरून जोडलेले तक्ते हमखास चुकतात.

काय वाचवायचंय, त्याचा तक्ता

इथे गद्य नको, तक्ता हवा. प्रजाती असो, अधिवास असो की पाणी धरून ठेवणारा उतार असो, प्रत्येक गोष्टीला एक ओळ, आणि त्या ओळीत: शास्त्रीय आणि मराठी नाव, माहितीचा स्रोत, माहितीची वर्षं, रिझोल्यूशन (माहिती किती बारीक आहे), मूळ माहितीवर केलेली प्रक्रिया, एकूण क्षेत्र, टार्गेट (त्यातला किती भाग राखायचा) किंवा वजन (तिला किती महत्त्व द्यायचं). ४० प्रजाती असतील तर ४० ओळी. ‘४० प्रजाती घेतल्या’ एवढं लिहून यादी न देणं हा या क्षेत्रातला सगळ्यात सर्रास दोष आहे.

वितरणाची माहिती तीन प्रकारची असते आणि प्रत्येकीचा दोष वेगळा. तज्ज्ञांनी आखलेला पट्टा प्रजाती नसलेल्या जागाही आत घेतो. प्रत्यक्ष नोंदी रस्ते, पर्यटनस्थळं आणि विद्यापीठांच्या आसपास दाटलेल्या असतात. लांबच्या दरीत नोंद नाही याचा अर्थ प्रजाती नाही असा होत नाही. मॉडेलचा नकाशा प्रजाती असण्याच्या शक्यतेच्या कुठल्या उंबरठ्यावर ‘आहे/नाही’त बदलला, त्यावर क्षेत्र निम्मं किंवा दुप्पट होऊ शकतं. म्हणून नोंदी वापरल्या तर प्रत्येक तुकड्यात किती नोंदी होत्या याचा नकाशा जोडा, आणि मॉडेल वापरलं तर उंबरठ्याचं मूल्य आणि ते निवडण्याचा नियम द्या.

लोकांनी टाकलेल्या निसर्ग-नोंदींच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावरून नोंदी घेताना एक सापळा आहे. संकटग्रस्त प्रजातींचे अक्षांश-रेखांश तिथे मुद्दाम लपवलेले असतात: दिसणारा बिंदू ०.२ अंशांच्या, म्हणजे बाजू २० किलोमीटरहून मोठ्या चौकोनात कुठेही टाकलेला असतो. तो खरा मानून १ किमीच्या ग्रिडवर ठेवला तर दुर्मीळ प्रजाती भलत्याच डोंगरावर जाऊन बसते, आणि नेमकी तीच निवडीवर सर्वांत जास्त जोर लावत असते. जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता-नोंदींच्या भांडाराच्या डाउनलोडमध्ये स्थानाची अनिश्चितता मीटरमध्ये देणारा रकाना असतो. तो किती मीटरवर छाटला, रिकामा असलेल्या नोंदींचं काय केलं आणि त्या डाउनलोडचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, कोणता, हे तिन्ही लिहा.

टार्गेट कुठून आलं

‘प्रत्येक अधिवासाचे ३० टक्के’ असं लिहिलं की पुढचा प्रश्न: ३०च का? डिसेंबर २०२२च्या कुनमिंग-माँट्रियल या आंतरराष्ट्रीय जैवविविधता करारातलं तिसरं लक्ष्य २०३०पर्यंत जमीन आणि समुद्राचा ३० टक्के भाग राखण्याचं आहे. त्याआधीच्या आयची लक्ष्यांत हे आकडे जमिनीवर १७ आणि समुद्रात १० टक्के होते. पण ते आकडे एकूण क्षेत्राचे आहेत, प्रत्येक प्रजातीच्या गरजेचे नाहीत. धोरणातला आकडा उचलला असेल तर तसं सरळ लिहा, त्याला जीवशास्त्राचा मुलामा देऊ नका.

क्षेत्रानुसार बदलणारं टार्गेट घेतलं तर सूत्र आणि दोन्ही टोकं द्या. बऱ्याच अभ्यासांत १,००० चौ. किमीपेक्षा लहान वितरणाला १०० टक्के, २,५०,००० चौ. किमीपेक्षा मोठ्याला १० टक्के आणि मधल्यांना लॉगरिदमच्या सरळ रेषेने टार्गेट देतात. त्यानुसार १०,००० चौ. किमी वितरणाच्या प्रजातीला सुमारे ६२.५ टक्के येतं. असं एक उदाहरण सोडवून दाखवलं की वाचणाऱ्याला सूत्र बरोबर समजलं की नाही हे पडताळता येतं. वितरणाचं क्षेत्र जगभरातलं धरलं की फक्त अभ्यासक्षेत्रातलं, हेही सांगा. टार्गेट त्यावरच ठरतं.

नीट मांडलेल्या टार्गेटचा नमुना पाहायचा तर ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफचं २००४ साली अमलात आलेलं पुनर्विभाजन पाहावं. त्याला मार्क्सनची मदत घेतलेली होती. ७० जैवप्रदेश पाडले होते, प्रत्येकाचा किमान २० टक्के भाग मासेमारीमुक्त हवा हा नियम आधीच जाहीर केला होता आणि किनाऱ्यालगतचे अपवाद सोडता मासेमारीमुक्त पट्टा अरुंद बाजूलाही किमान २० किलोमीटर असावा असंही ठरवलं होतं. मासेमारीमुक्त भाग ५ टक्क्यांहून कमी होता, तो सुमारे ३३ टक्क्यांवर गेला. हा वाढलेला आकडा कुठून आला हे कुणालाही मागे जाऊन पाहता येतं, कारण नियम निकालाच्या आधी लिहिलेले होते.

खर्च, आणि आधीच ठरवून टाकलेल्या जागा

मार्क्सनच्या भाषेत ‘खर्च’ म्हणजे रुपयेच असं नाही. क्षेत्रफळ, माणसाच्या वावराचा निर्देशांक, बुडणारं शेती-उत्पन्न, काहीही असू शकतं. काय घेतलं, कुठल्या एककात आणि कुठल्या वर्षाचं, ते लिहा. रेडी रेकनरचे दर वापरले तर गायरान आणि सार्वजनिक जमिनींना काय किंमत दिली हे स्पष्ट करा. तिथे शून्य राहिलं तर गणिताला ते तुकडे फुकट मिळतात आणि ते घाऊक उचलले जातात. मग नकाशा गुरं चारणाऱ्यांच्या वाट्याची जमीन ‘स्वस्त’ म्हणून दाखवतो. हा नुसता तांत्रिक दोष राहत नाही, आराखडा अंमलात आला तर कुणाची चराई बंद होईल याचा हा प्रश्न आहे.

काही तुकडे आधीच आत किंवा बाहेर बांधून टाकले असतील, तर त्यांची यादी आणि क्षेत्र वेगळं द्या. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची १९७९ची अधिसूचना सुमारे ८,५०० चौ. किमीची होती, नंतर ते सुमारे १,२२२ चौ. किमीपर्यंत कमी करण्यात आलं. जुनी सीमा ‘संरक्षित’ म्हणून लॉक केली तर माळरानाचं टार्गेट कागदावर आपोआप पूर्ण होतं. कुठल्या तारखेची सीमा वापरली हे त्यामुळे लिहायलाच हवं. २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेलं जंगल, देवराया आणि अभयारण्य यांना एकाच ‘संरक्षित’ खणात टाकू नका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारखं गाव आपलं जंगल स्वतः सांभाळतं, तिथला निर्णय ग्रामसभेचा असतो. तीन वेगळे रकाने ठेवा.

गणिताची सेटिंग्ज

सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती ही फक्त सुरुवात. पुढे कुठलं सॉफ्टवेअर, त्यावर लिहिण्याच्या गोष्टी बदलतात.

मार्क्सनसाठी: किती रन (गणित किती वेळा नव्याने चालवलं), प्रत्येक रनमध्ये किती पुनरावृत्त्या, सीमेच्या लांबीचा गुणक म्हणजे बीएलएम (तो वाढवला की निवडलेले तुकडे एकमेकांना चिकटतात), तक्त्यातल्या प्रत्येक वैशिष्ट्याचा, म्हणजे प्रजातीचा किंवा अधिवासाचा, टार्गेट चुकल्यास लागणारा दंड-गुणक म्हणजे एसपीएफ, आणि हे गुणक कसे ठरवले. बीएलएम हा आकडा एकटा निरर्थक आहे. सीमा मीटरमध्ये मोजली की किलोमीटरमध्ये, यावर त्याचा अर्थ हजारपट बदलतो. एकक सोबत हवंच. तो शून्यापासून दहापटीच्या पायऱ्यांनी वाढवून खर्च आणि एकूण सीमा यांचा आलेख काढा आणि आलेख अहवालात घाला. एसपीएफ कमी पडला तर टार्गेट पूर्ण करण्यापेक्षा दंड भरणं स्वस्त ठरतं आणि दुर्मीळ प्रजाती गुपचूप सुटतात. म्हणून न गाठलेल्या टार्गेटची फाइल उघडून पाहिल्याशिवाय एकही नकाशा बाहेर देऊ नये.

प्रायॉरिटायझरसाठी: उद्दिष्ट-सूत्र कोणतं, म्हणजे किमान खर्चात सगळी टार्गेटं की ठरलेल्या खर्चात जास्तीत जास्त, सॉल्व्हर (उत्तर शोधणारा प्रोग्रॅम) कोणता, आणि गॅप, म्हणजे सर्वोत्तम उत्तरापासून चालवून घेतलेलं अंतर, किती. गॅप मुद्दाम दिला नाही तर तो ०.१ धरला जातो, म्हणजे उत्तर सर्वोत्तमापासून १० टक्क्यांपर्यंत दूर असू शकतं. ‘इष्टतम आराखडा’ असं मथळ्यात लिहून गॅप न सांगणं वाचकाची दिशाभूल करतं. क्षेत्रं चौरस मीटरमध्ये ठेवली तर कोट्यवधींचे आकडे सॉल्व्हरला अडखळवतात, चौ. किमीत आणा आणि तसं नोंदवा.

झोनेशनमध्ये बहुधा टार्गेट नसतं, वजनं असतात आणि क्रम लावण्याचा नियम असतो. दोन्ही द्या, कारण नियम बदलला की दुर्मीळ प्रजातींची एकाकी जागा वर येते किंवा खाली जाते.

साध्या गुणांकनात एकच प्रश्न निर्णायक: गुणांची सरासरी घेतली, बेरीज की कमाल? समजा ७ लेयर आहेत आणि प्रत्येकाला १० पैकी गुण. एका चौकोनाला प्रदेशनिष्ठ वनस्पतींसाठी १० आणि बाकी सहांत १-१. सरासरी २.३ येते, कमाल १०. शेजारच्या चौकोनाला सगळीकडे ४ असेल तर सरासरीत तो पुढे जातो. दोन्हींपैकी काही चूक नाही, पण कोणतं निवडलं ते न लिहिणं चूक आहे. गुण कुठल्या परिघात तुलनीय आहेत तेही सांगा: गाडगीळ समितीने प्रत्येक राज्याचा घाट स्वतंत्रपणे हाताळला होता, त्यामुळे महाराष्ट्रातल्या चौकोनाचे गुण केरळातल्या गुणांशी लावून पाहता येत नाहीत.

निकाल

नकाशाच्या आधी तक्ता द्या: एकूण निवडलेलं क्षेत्र, त्यातलं आधीच संरक्षित किती, नव्याने किती, खर्च, आणि प्रत्येक वैशिष्ट्याचं टार्गेट किती गाठलं. टक्के लिहिले तिथे तिथे छेद लिहा. ‘३१ टक्के’ नव्हे, तर ‘अभ्यासक्षेत्राच्या ४,२०० चौ. किमीपैकी ३१ टक्के’, असं.

१०० रनपैकी किती वेळा तुकडा निवडला गेला ही निवडीची वारंवारता झाली. तिला अपरिहार्यता, म्हणजे त्या तुकड्याला पर्यायच नाही असं, म्हणू नये. बीएलएम वाढवला की साध्यासुध्या तुकड्यांचीही वारंवारता चढते, केवळ ते चांगल्या तुकड्याला चिकटून आहेत म्हणून.

मग गृहीतकं हलवून पाहा. टार्गेट वर-खाली करा, खर्चाचा लेयर बदला, शंकास्पद प्रजाती काढा, तुकड्याचा आकार दुप्पट करा. आराखडे किती जुळतात ते आकड्यात द्या. दोन आराखड्यांत ४००-४०० तुकडे आणि ३०० सामाईक असतील, तर एकूण वेगळे तुकडे ५०० आणि जुळणी ६० टक्के. ७५ लिहिणं म्हणजे छेद चुकला. प्रत्येक वेळी टिकलेल्या तुकड्यांचा वेगळा नकाशा काढा. वनाधिकारी असो की ग्रामसभा, चर्चेला बसणाऱ्यांच्या कामाचा नकाशा बहुतेक वेळा तोच असतो.

लोकांचा सहभाग लिहिताना

‘स्थानिकांशी चर्चा केली’ हे वाक्य पुरेसं नाही. कुठल्या टप्प्यावर, कुणाशी, कुठल्या भाषेत आणि त्या चर्चेमुळे आराखड्यात काय बदललं, ते सांगा. काहीच बदललं नसेल तर तेही लिहा. गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११मध्ये सादर झाला आणि लोकांसमोर आला मे २०१२मध्ये. मधल्या काळात अफवांनी जागा घेतली आणि ती नंतर सोडली नाही. इंग्रजी अहवालासोबत त्याच दिवशी १० पानांचा मराठी सारांश आणि गावनिहाय यादी प्रसिद्ध करा. सारांशात ‘निवडलेलं’ म्हणजे कायद्याने बांधलेलं आहे की नुसती शिफारस, हे ठळकपणे.

फाइली

गणितात घातलेल्या फाइली, सेटिंग्जची फाइल, कोड आणि निकाल झेनोडोसारख्या ऑनलाइन भांडारात ठेवून डीओआय घ्या, परवाना नमूद करा. घरट्यांची आणि दुर्मीळ वनस्पतींची नेमकी ठिकाणं उघड करू नका. प्लॅनिंग युनिटच्या पातळीवर एकत्रित केलेली माहिती दिली तरी गणित पुन्हा चालवता येतं. तेवढ्याने शिकाऱ्याला वाट सापडेल असं वाटलं तर प्रजातींना सांकेतिक क्रमांक द्या आणि किल्ली वनखात्याकडे ठेवा.

नकाशाची माहिती साठवताना शेपफाइलऐवजी जिओपॅकेज हा फाइल-प्रकार वापरा. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव १० बाइटांत बसवावं लागतं आणि यूटीएफ-८ या लिपी साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि काना-मात्रेसारखं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, त्यामुळे अशा तीन चिन्हांपुढे नाव कापलं जातं. लिपीची पद्धत सांगणारी एन्कोडिंगची फाइल हरवली तर गावांची नावं प्रश्नचिन्हं होऊन बसतात. वाचा-आधी फाइलीत प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक लिहा. शेवटी हे सगळं फोल्डर अभ्यासात नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला द्या आणि तुम्हाला एकही प्रश्न न विचारता मुख्य नकाशा पुन्हा काढायला सांगा. त्याला जिथे फोन करावा लागेल, ती ओळ अहवालात राहिली आहे. ती लिहा आणि मगच प्रसिद्ध करा.